हातावरचा मारुती

ही हकीकत सांगायची मी आयुष्यभर टाळली असं म्हटलं, तर ते अर्धंच खरं होईल. मी ती खोटी सांगत आलो. एक मेच्या कार्यक्रमांत सांगितली, मुलांच्या शाळेत सांगितली, मुलीच्या सासरी जेवणानंतर सुपारी कातरतानाही सांगितली. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी माझा मित्र सखाराम याच्या हातावर पोलिसांचं अश्रुधुराचं नळकांडं फुटलं आणि मी त्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं, अशी ती हकीकत. लोक टाळ्या वाजवत. एकदा शाल आणि नारळही मिळाला. नारळ आम्ही खाल्ला. शाल कपाटात आहे, मी ती कधी अंगावर घेतली नाही, आणि बायको म्हणायची की तुम्हाला लोकरीची खाज सुटते वाटतं. आता बायको नाही, सखाराम नाही, मलाही डोळ्यांनी नीट दिसत नाही. तेव्हा जे झालं ते झालं तसं लिहून ठेवतो. वाचताना किळस येईल. मला लिहितानाही येते आहे.

आम्ही लालबागला राहायचो. दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही पाच माणसं, आणि दुपार-संध्याकाळ आईच्या खानावळीला येणारे मालवणकडचे गिरणीकामगार. पितळेच्या टोपात भात उकळत असायचा, पाट्यावर ओलं खोबरं वाटल्याचा आवाज यायचा, आणि बांगड्याच्या तिखल्याचा वास कपड्यांत, अंथरुणात, माझ्या पुस्तकांतसुद्धा बसलेला असायचा. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. मागाचा धोटा भरताना सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाचं तोंड लागलेल्या धोट्याला दुसऱ्याने तोंड लावायचं, म्हणून त्या खात्यात सखारामच्या, अस्पृश्य मानलेल्या समाजाचा माणूस कुणी येऊ देत नसे. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि त्यात काही वावगं आहे असं मला लहानपणापासून वाटत नव्हतं. वडील मवाळ माणूस. खात्यात सगळ्यांशी मिळून मिसळून राहतो, असं ते अभिमानाने सांगायचे.

सखाराम आणि मी चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपात कामाला होतो. तो डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा, सातारकडचा. विशी नुकतीच ओलांडलेली, माझ्याएवढाच. लेथवर त्याचा हात फार छान बसला होता. रविवारी तो आमच्याकडे यायचा, आणि गॅलरीत बसायचा. आई मला आतून विचारायची, "तुझो मित्र इलो हा. च्या करू?" आणि चहा एका कानतुटक्या कपातून यायचा, जो एरवी मोरीच्या कट्ट्यावर पालथा असे. सखाराम चहा प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि पुन्हा तसाच पालथा ठेवायचा. आईशी हसून बोलायचा. माझ्या आईच्या हातच्या चहाची तारीफ करायचा. मी समोर बसून माझ्या चांगल्या कपातून चहा प्यायचो. आज ते आठवलं की तोंडात आंबट पाणी येतं, पण तेव्हा मला मजेत चहा जायचा, हेही लिहायला हवं.

वर्कशॉपातलं माझं काम जरा वेगळं होतं. गिरण्यांतले जुने विलायती पितळी भाग भंगारात यायचे, त्यांवर परदेशी कंपनीचं नाव कोरलेलं असे. ते नाव मी पॉलिशच्या चाकावर घासून घालवायचो आणि भाग असा लख्ख करायचो की नवा वाटावा. मालक तो नवा म्हणूनच विकायचे. मला त्याची लाज नव्हती, घमेंड होती. अक्षर कितीही खोल असो, मी त्या जागेवर काही होतं याची खूणसुद्धा राहू देत नसे. मालक गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमचा वसंत ब्रह्मदेवानं लिहिलेलंही पुसील."

सखारामच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, मारुती गोंदलेला होता. गदा खांद्यावर, शेपूट वर वळलेली, हिरवट काळ्या रंगाचा. लहान असताना तो देवी येऊन मरणाच्या दारातून परतला, तेव्हा त्याच्या आईने नवस फेडायला गावच्या जत्रेत तो गोंदवून घेतला होता. पोर ओरडत होतं आणि चार बायकांनी धरून ठेवलं होतं, असं ती सांगायची. पुढे धर्मांतर झालं. सखारामच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. भिंतीवरच्या तसबिरी, देव्हाऱ्यातले टाक, सगळं एका फडक्यात बांधून त्यांनी वरळीच्या समुद्रात सोडलं. तो कामावर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जणू पाठीवरचं मोठं ओझं कुणी उतरवून घेतलं होतं. त्या दिवसापासून त्याने राम राम म्हणणं सोडलं. आणि त्या दिवसापासून तो ऐन उन्हाळ्यात, भट्टीशेजारी, पुऱ्या बाह्यांचा शर्ट घालू लागला.

मी ते पाहिलं होतं. एका दुपारी आम्ही डबे उघडून बसलो होतो. तो बाही वर न करता जेवत होता आणि बाहीला कालवण लागत होतं. मी म्हणालो, "सख्या, घरातले देव बुडवलेस. हातावरचा कुठल्या समुद्रात बुडवणार?"

बाकीचे दोघे-तिघे हसले. एकजण म्हणाला, "मारुती पोहतो रे, तो नाही बुडायचा."

सखारामही हसला. मग म्हणाला, "बुडवीन कोपरापर्यंत. तू बस घड्याळ लावून." आणि पुढे जेवला. पण त्याने भाकरी अर्धी टाकली, आणि सखाराम भाकरी टाकणारा माणूस नव्हता.

त्याचं लग्न ठरलं होतं, नव्या पद्धतीने, त्यांच्या चाळीतलं पहिलंच. हात जोडून, पांढऱ्या कपड्यात, सगळ्यांसमोर उभं राहून त्रिशरण म्हणायचं. तो संध्याकाळी वंदनेला बसायचा तिथली पोरंही त्याला टोचायची, की हात जोडतोस तेव्हा बाहीआड मारुतीच असतो. हे त्याने मला नंतर सांगितलं. माझा टोमणा काही पहिला नव्हता. पण तो मित्राचा होता.

काही दिवसांनी काम संपल्यावर तो माझ्या चाकाशी आला. आधी त्याने चाकाकडे पाहिलं, मग बाही वर केली.

"वश्या, तू पितळेवरचं नाव घालवतोस. हे जाईल?"

मी त्याचा हात हातात घेतला, भाग बघावा तसा उजेडाकडे फिरवला, अंगठ्याने चामडी ओढून पाहिली. मला काय कळत होतं? गोंदणाची शाई किती खोल असते, चामडीखाली काय असतं, मला काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की पहिल्यांदाच सखाराम माझ्याकडे काहीतरी मागत होता, आणि इतर कुणालाही न जमणारं ते मला जमणार होतं.

"जाईल," मी म्हणालो. "वरवरचं आहे."

"दुखेल?"

"जत्रेत दुखलं तेवढंच."

आता आमच्याच भागात, जिथे गिरणीचं धुराडं होतं त्या आवारात, काचेची दुकानं आहेत आणि त्यांतल्या एकात पोरं पैसे देऊन गोंदवून घेतात. माझ्या नातवाने खांद्यावर कसला पक्षी काढून घेतलाय. मला दाखवायला शर्ट वर केला आणि म्हणाला, "आजोबा, नको वाटला तर मशीनने काढतात." मी मोरीत जाऊन ओकलो. घरच्यांना वाटलं, दुपारचं मटण बाधलं.

त्या दिवसांत बंद ही काही नवी गोष्ट नव्हती. गोळीबाराचं वर्ष मागे पडलं होतं, पण सभा, हरताळ, निदर्शनं चालूच असत. अशाच एका बंदच्या दिवशी वर्कशॉपाची किल्ली माझ्याकडे होती. मालक गावी गेले होते. गल्लीच्या टोकाला घोषणा चालल्या होत्या, "झालाच पाहिजे"चा आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. आम्ही दार आतून लावून घेतलं. सखारामने शर्ट काढून, घडी करून बाकावर ठेवला. मी चाक चालू केलं.

इथून पुढे मी थोडक्यात लिहितो. पितळेचा वास मला ठाऊक होता. हा वास न्हाव्याने वस्तऱ्याने नव्हे, निखाऱ्याने केस काढावेत तसा होता, आणि त्याच्या खाली दुसरा, गोडसर, जो मी आमच्या खानावळीच्या चुलीवर रोज घेत होतो. तेव्हापासून मी मांस भाजताना शेजारी थांबू शकत नाही. चामडी पितळेसारखी झिजत नाही. ती गुंडाळत जाते, चाकाला चिकटते, आणि चाक ती भिंतीवर उडवतं. माझ्या ओठावर काहीतरी ओलं येऊन बसलं आणि मी ते सवयीने जिभेने पुसलं. सखारामने कापडाचा बोळा दातांत धरला होता. त्यातून येणारा आवाज माणसाचा नव्हता. मी थांबलो. पाहिलं, तर मारुतीचं तोंड, छाती, गदा जिथे होती तिथे लाल लाल चिखल होता, आणि त्या चिखलातही शाई होती. हिरवी. खाली, आणखी खाली.

तेव्हा थांबायला हवं होतं. सखारामने बोळा काढून विचारलं, "गेला?"

"थोडा राहिलाय," मी म्हणालो, आणि पुन्हा हात चाकाला लावला. अक्षर खोल असलं की मी तेच करायचो.

दुसऱ्यांदा मी थांबलो ते पांढरं काहीतरी दिसलं म्हणून. दोरीसारखं, चकचकीत. ते हललं. सखारामची बोटं आपोआप आत वळली आणि तो बसल्या जागी घसरला.  मग जे हाताला लागलं ते फडकं त्याच्या हाताला गुंडाळलं. मशीन पुसायचं, तेलकट, पितळेच्या चुऱ्याने भरलेलं फडकं. शेपूट तेवढी शाबूत राहिली होती, फडक्याच्या काठाबाहेर.

मी त्याला घेऊन गल्लीत आलो, तर तिथे पळापळ होती. नाक्यावर अश्रुधूर सोडला होता, डोळे झोंबत होते. समितीचे कार्यकर्ते पडलेल्यांना उचलत होते. त्यांत नाना होते, आमच्या चाळीतले, सगळ्या लालबागला परिचित. त्यांनी सखारामचा हात पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं रे वसंता?"

माझ्यामागे वर्कशॉपाचं दार उघडं होतं. मालक, नोकरी, वडील, आणि वर मारुतीवर चाक चालवलंय हे लालबागला कळलं तर काय होईल ते. हे सगळं एका श्वासात डोक्यात येऊन गेलं आणि मी म्हणालो, "नळकांडं फुटलं हातावर."

नानांनी स्वतःचा सदरा फाडून त्याच्या हाताला बांधला. सखाराम शुद्धीवर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

हात सडला. डॉक्टर रोज मेलेलं मांस काढायचे. मी डिलाईल रोडला त्याच्या घरी जायचो तेव्हा जिन्यातच वास यायचा, आणि मी तोंडाने श्वास घ्यायला शिकलो. त्याची आई उशाशी बसून माश्या वारायची. तिने मला भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. त्या वासात बसून मी ती खाल्ली, कारण नाही म्हणालो तर ती विटाळ समजेल असं वाटलं. ते तरी मला वाटलं.

"वसंता, तू हुतास नव्हं संगं?" तिने विचारलं. "कसं झालं रं?"

सखाराम डोळे उघडे ठेवून पडला होता. मी तिला नळकांड्याची गोष्ट सांगितली. आवाज कसा झाला, धूर कसा निघाला, मी कसा धावलो. पहिल्यांदाच मी ती पूर्ण सांगत होतो आणि ती माझ्या तोंडात छान बसली.

त्याच्या आईने हातावरची माशी वारली. मग म्हणाली, "म्या गोंदवला, पोलिसानं काढला. माझ्या लेकाला कुणी इचारलंच न्हाई."

ती पाणी आणायला उठली तेव्हा सखाराम म्हणाला, "आईला तरी खरं सांगायचंस."

"तू सांग ना मग."

"मी सांगितलं. ती म्हणते, वसंता सांगंल ते खरं. तो शाणा हाय."

जखम भरली, पण बोटं उलगडली नाहीत. चारही आत वळलेली, पक्ष्याच्या पायासारखी. लेथ गेलं. मधल्या काळात लालबागला आमची गोष्ट पोहोचली होती, आणि मोठी होऊन पोहोचली होती. मी चाळीतून जाताना लोक बाजूला होऊन वाट देत. नानांनी मला गिरणीच्या मेकॅनिक खात्यात चिकटवण्याचा शब्द टाकला होता. आणि एका संध्याकाळी मैदानात सभा ठरली, तीत जखमींचा सत्कार होता.

सखारामला स्टेजवर खुर्ची दिली. आमच्या चाळीत ज्याचा कप मोरीवर पालथा असे, त्याच्या गळ्यात नानांनी झेंडूचा हार घातला, त्याचा वाकडा हात धरून वर केला आणि म्हणाले, "हा हात महाराष्ट्राचा आहे." मैदान दणाणलं. माझी आई पुढच्या रांगेत डोळे पुसत होती. ती त्या क्षणी अगदी मनापासून रडत होती, आणि पुढच्या रविवारी तो आला असता तर चहा त्याच कपातून गेला असता.

त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माइकपाशी गेला. तो घाबरलेला नव्हता.

"नाना, रागावू नका," तो म्हणाला. "माझ्या हातावर नळकांडं पडलं नाही. माझ्या हातावर मारुती होता. आम्ही दीक्षा घेतली, मला तो अंगावर नको होता, म्हणून मी तो चाकावर घासून काढला. मी त्या दिवशी मोर्चात नव्हतो. हार ज्यांना लागलं त्यांना घाला."

माझं नाव त्याने घेतलं नाही. सगळ्या बोलण्यात 'मी'च म्हणाला.

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "मारुती घासला?" आणि कुजबूज पुढे सरकू लागली. नाना माझ्याकडे पाहत होते. वडील पाहत होते. मी खुर्चीतून उठलो, माइकपाशी गेलो, सखारामच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "त्याला अजून ताप आहे. वातात बडबडतोय."

एक सुस्कारा सुटला, सगळ्या मैदानाचा मिळून. नाना म्हणाले, "बिचारा." टाळ्या सुरू झाल्या, आधीपेक्षा जोरात. सखारामच्या खांद्यावर माझा हात होता आणि खांदा थंडगार होता. त्याने हार काढला, माइकच्या दांड्याला अडकवला आणि मागच्या बाजूने उतरून गेला. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी त्याला मारापासून वाचवलं. ते थोडं खरंही असेल. पण मी उठलो तेव्हा माझ्या मनात त्याचा विचार नव्हता. मला गिरणीतली जागा दिसत होती.

ती मला मिळाली. त्याचं लग्न झालं, मुलीकडचे हात बघून मागे हटले नाहीत. मी गेलो नाही. त्याने डाव्या हाताने काय काय कामं केली ते मला इकडून-तिकडून कळायचं. वंदनेला तो पुढे उभा राहतो, हे कळायचं.

पन्नासेक वर्षांनी, गिरण्या बंद पडून त्यांच्या जागी काचा आल्यावर, मी त्याचा पत्ता काढून शीव कोळीवाड्याला त्याच्या मुलाच्या घरी गेलो. जायच्या आधी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. सखाराम पलंगावर बसला होता, वाळलेला, पांढरा. त्याने मला लगेच ओळखलं. "ये वश्या," म्हणाला, जणू मी कालच भेटलो होतो. नात कॉलेजात जाणारी. तिने माझी ओळख विचारली आणि तो म्हणाला, "हा वसंत. वर्कशॉपात माझ्याबरोबर होता. त्या दिवशीही होता."

मुलगी सावरून बसली. "आजोबा सांगतात, त्यांनी देव काढला हातावरचा. स्वतःहून. पण बाबा म्हणतात तो आंदोलनातला मार आहे, सगळी वस्ती तेच सांगते, आजोबा उगाच मोठेपणा नाकारतात. तुम्ही होतात ना? खरं काय?"

सखारामने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो वाट पाहत होता. मला तेव्हा कळलं की हा माणूस इतकी वर्षं घरोघर, माणसामाणसाला खरं सांगत आलाय आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवलेला नाही, कारण एकमेव साक्षीदार मी होतो आणि मी बोललो होतो. त्याने जे आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम स्वतःच्या मर्जीने केलं, ते मी त्याच्याकडून काढून घेऊन पोलिसांच्या नावावर टाकलं होतं.

मी म्हणालो, "फार वर्षं झाली पोरी. आता नीट आठवत नाही."

सखाराम पुन्हा खिडकीकडे वळला. थोड्या वेळाने त्याने माझ्या मुलांची चौकशी केली. मी उठलो तेव्हा तो दारापर्यंत आला, आणि निरोपाला त्याने वाकडा हातच पुढे केला. मी तो धरला. जिना उतरलो, रस्त्यावर आलो, परत फिरलो, जिन्याच्या तळाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी गेलो. पुढच्या पावसाळ्यात तो गेल्याचं कळलं.

त्याची नात हे वाचील की नाही, मला माहीत नाही. तुझे आजोबा खरं सांगत होते, पोरी. चाक माझं होतं, देव काढायचा निर्णय त्यांचा होता. आणि त्या दिवशी पाठ करून नेलेलं, जिन्याच्या तळाशी दोनदा पुटपुटलेलं, त्यांच्यापर्यंत न पोहोचलेलं वाक्य एवढंच होतं: सख्या, मला माफ कर, सभेत तुला ताप नव्हता.